एकशे वीस जणांचं जेवण

६ फेब्रुवारी

ति. ताईस धाकटीचा सा. न.,

पत्र वाचायच्या आधी खाली बस. तुझ्या वसतिगृहात दोनशे मुलींची जेवणं, त्यात माझं रडगाणं कुठे ऐकत बसशील. पण तुझ्याखेरीज सांगू कुणाला? माझ्या चिमणीचं लग्न एक तारखेला सकाळी कचेरीत सह्या करून, आणि दुपारचं जेवण शाळेच्या व्यायामशाळेत, हे तुला माहीत आहेच. माणसं एकशे वीस. साठ मुलाकडची, साठ आपली. पैसेही बरोबर तेवढ्याच ताटांचे आहेत, वर एक चमचाही नाही.

आपल्या साठ माणसांना पत्रिका तीस पुरे होत्या. छापखानेवाला यांचा जुना मित्र, त्याने प्रेमापोटी त्याच पैशांत शंभर छापून दिल्या. मी ठरवलं होतं, उरलेल्यांच्या कोऱ्या बाजूवर गिऱ्हाइकांची मापं लिहीन. पण तुझ्या मेहुण्यांना तू ओळखतेस. तीस वर्षं पुस्तकं बांधली, कागदाची कातरणसुद्धा त्यांच्याने टाकवत नाही. काल कपाट उघडलं तर गठ्ठा गायब. विचारलं तर म्हणाले, वाटल्या. सगळ्या का, तर नुसती मान हलवली. वर म्हणतात, चांगला कागद होता, वाया कशाला घालवायचा!

शंभर पत्रिका म्हणजे शंभर घरं, म्हणजे कमीत कमी अडीचशे तोंडं. वर मुलाकडची साठ. माझ्या तोंडचं पाणी पळालंय. विहीणबाई परवाच सांगून गेल्या की त्यांच्या थोरल्याच्या लग्नात माणसं इतकी जेवली की पानावरून उठवेना. हसत हसत म्हणाल्या, पण रोख मला कळला. आपल्याकडे भात कमी पडला तर ते चिमणीला जन्मभर ऐकावं लागेल. काय करू ते लगेच कळव.

तुझा लोभ आहेच, या महिन्यात तो जरा जास्तच लागणार आहे.

तुझी धाकटी

---

११ फेब्रुवारी

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद, आणि डोक्यात एक टपली.

रडणं थांबव आणि कागद पेन्सिल घे. भाताला पाणी नेहमीपेक्षा जास्त घाल, मऊ भात फुगतो आणि पोटात बसतो. डाळ पातळ, पण फोडणी झणझणीत. वासाने माणसाला वाटतं भरपूर आहे. भाजी बटाट्याची, बाकी कशाच्या नादी लागू नकोस. गोड शेवटी नाही, सुरुवातीलाच वाढ. गोडाने भूक मरते, हे मला दोनशे मुलींनी शिकवलंय. मोठा डाव घरीच ठेव. आणि वाढायला अशी व्यक्ती उभी कर जी ताटाकडे बघेल, तोंडाकडे बघणार नाही. तोंडाकडे बघितलं की हात सैल सुटतो. तू तर मुळीच वाढू नकोस.

एवढं करून दोनशेपर्यंत ओढता येईल. पुढच्या शंभरांचं मलाही सुचत नाही, खोटं कशाला सांगू. ज्यांना चुकून पत्रिका गेल्या त्यांच्याकडे जाऊन माफी माग, दुसरा इलाज नाही.

मेहुण्यांवर किती चिडायचं ते तुझं तू ठरव. पण मी एक बोलते, राग मानू नकोस. त्यांचं बांधणीचं दुकान बंद झाल्यापासून वर्षभरात तू कुणाला चहालाही घरी बोलावलेलं नाहीस. मी येते म्हटलं तरी काहीतरी सबब सांगितलीस. त्या माणसाची किती ओळख होती गावात! तोही घरात बसून कोंडला असेल.

जेवत जा वेळेवर. माया कमी करू नकोस, फक्त मीठ बेताने टाक.

तुझी ताई

---

१७ फेब्रुवारी

ति. ताईस सा. न. करून लिहिते की माझी पुरती फजिती झाली.

तुझं ऐकून माफी मागायला निघाले. पहिलं घर सायकल दुरुस्तीवाल्याचं. त्याच्या बायकोने मला बघितलं आणि आत जाऊन लग्नाला घालायचे कपडेच घेऊन आली. बाजूंनी सैल झालेत, बारीक करून द्याल का म्हणाली. तिला काय सांगू की येऊ नकोस? कपडे घेऊन परत आले. दुसऱ्या घरी तेच. तिसऱ्या घरी म्हातारबांनी जुना कोट काढला. ताई, आज माझ्या मशीनवर अकरा जणांचे कपडे पडलेत, सगळे माझ्याच घरच्या जेवणाला यायचे! एकेक टाका घालते आणि मनात म्हणते, आणखी एक ताट वाढलं.

लग्नापर्यंत रात्रीचं जेवण मी सोडलंय. चिमणीला सांगते, पित्त झालंय. तेवढेच तांदूळ बाजूला पडतात. शिलाईचं एखादं मोठं काम मिळावं म्हणून दुकानं पालथी घातली, कुणी दारात उभं करत नाही. आणि दुकानाबद्दल तू जे लिहिलंस ते मला झोंबलं. कुणाला कशाला बोलावू? रिकामे डबे दाखवायला? आपलं हसं व्हायला नको म्हणून दार लावून घेतलं, त्यात माझं काय चुकलं?

यांच्याशी आठ दिवस बोललेले नाही. मीठ हवं असलं तरी चिमणीच्या तोंडून मागते. हे मात्र रोज दुपारी बाहेर जातात, संध्याकाळी परत येतात. कुठे जातात विचारायचीही माझी इच्छा नाही.

ताई, तू ये. तुझ्या हाताला अंदाज आहे. तू आलीस तर मी तग धरीन.

लोभ पत्रातून नको, आता प्रत्यक्षच आण.

धाकटी

---

२२ फेब्रुवारी

चि. धाकटीस आशीर्वाद.

कसं लिहू कळत नाही. माझ्या मदतनीस बाईचा हात मोडला, मनगटात. मुलींच्या परीक्षा सुरू आहेत, मी एक दिवस हलले तर दोनशे पोरी उपाशी बसतील. वॉर्डनबाईंपुढे रडून झालं. मला येता येणार नाही. माझ्या भाचीच्या लग्नाला मी नसणार, या विचाराने कालपासून कशात लक्ष नाही, आज डाळही करपवली.

एकच सांगते. अजून आठवडा आहे, लोकांना खरं सांगून टाक. आपली माणसं आहेत ती, खाऊन टाकणार नाहीत तुला. आणि रात्रीचं जेवायला लाग, त्या चार मुठी तांदळांनी काही होणार नाही.

लांबून का होईना, पाठीवर हात आहे माझा.

तुझी ताई

---

२६ फेब्रुवारी

ति. ताईस,

नमस्कार एवढाच लिहिते. खरं सांगणं मला जमणार नाही. चिमणी काल म्हणाली की जेवण रद्द कर, आम्ही नुसत्या सह्या करू. मी तिच्या अंगावर ओरडले आणि मग दोघी रडलो. तू येणार नाहीस हे पत्र मी दोनदा वाचलं. भांडी भाड्याने आणली आहेत. ती मोठी भांडी बघितली की जीव घाबरा होतो, इतकी रिकामी दिसतात. जे व्हायचं ते होईल असं लोक म्हणतात, पण जे व्हायचं ते मला दिसतंय ना.

धाकटी

---

२ मार्च

ति. ताईस शि. सा. न.,

लग्न लागलं. चिमणी गोड दिसत होती. तिचा नवरा सही करताना इतका घाबरला की स्वतःच्याच नावात अडखळला. आता बाकीचं ऐक.

माणसं आली, ताई. सगळी आली. दोनशे ऐंशीपर्यंत मी मोजली आणि मग मोजणं सोडलं. तू सांगितलंस तसं गोड आधी वाढलं. मग भात, डाळ, भाजी. मी भांड्यापाशी उभी, डोळे तळाकडे. पहिली पंगत उठली तरी भात एक वीत खाली गेला नव्हता. आपली माणसं एक घास घेत, बस म्हणत आणि पान झाकत. वाढणारे परत येऊन सांगत होते की कुणी घेतच नाही. मला वाटलं, मेलं, डाळ बिघडली! कोपऱ्यात जाऊन चाखली. उत्तम झाली होती. मग आणखीच घाबरले.

शेवटी सायकलवाल्याच्या बायकोला गाठलं आणि विचारलं की तुम्ही जेवत का नाही. ती अगदी सहज म्हणाली, घरून खाऊनच आलोय आम्ही, तुमच्या यांनी सांगितलंच होतं ना. ताई, यांनी प्रत्येक पत्रिका हातात देताना सांगितलं होतं की जेवण बेताचं आहे, दोन घास घरी खाऊन या, पण याच, पोरीच्या लग्नाला हॉल भरलेला दिसला पाहिजे. पत्रिका संपल्यावर जी दारं आठवली तिथे रोज दुपारी जाऊन सांगून येत होते.

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं मला. शंभर घरांना ठाऊक, मी एकटीच झाकत बसलेली! हे मागे ताटं रचत होते. मी वीस दिवसांनी तोंड उघडलं ते भांडायलाच. यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले की वर्षभर आपल्या दारात कुणी आलं नाही, पोर तशाच घरातून जायला नको होती. कागदाचं ते उगीच सांगितलं, म्हणाले, खरं सांगितलं असतं तर तू पत्रिका जाळल्या असत्यास. जाळल्याच असत्या मी.

विहीणबाई आणि त्यांची माणसं मात्र पोटभर जेवली, दोनदा भात मागितला. जाताना हॉलभर नजर फिरवून म्हणाल्या की तुमची माणसं फार आहेत हो, आमची सून मोठ्या गोतावळ्यातली निघाली. मी हसले आणि त्यांना दारापर्यंत पोचवलं.

सगळे पांगले तेव्हा अर्धं जेवण शिल्लक होतं. चार वाजले असतील. माझ्या मनात काय आलं कुणास ठाऊक, आमच्या घराचं दार सताड उघडलं, यांना भांडी आत आणायला लावली आणि मी स्वतः गल्लीत दारोदार गेले. पहिल्या दारात थांबले. कसंबसं म्हणाले की आता घरी जेवायला या, आता आहे. तीस-चाळीस जण आले. जागा नव्हती, पायऱ्यांवर बसले. माझ्या मशीनच्या टेबलावरही ताटं मांडली. वाढायला मीच होते, मोठ्या डावाने, आणि तोंडाकडे बघून.

सायकलवाल्याची बायको तीनदा भात घेऊन गेली. चौथ्यांदा आली तेव्हा मी थट्टा केली की घरून खाऊन आलेल्यांची भूक बरी दिसतेय. ती आधी हसली. मग हळूच म्हणाली, सोमवारपासून घरात गॅस नाही, तुमच्या यांना तसं कशाला सांगायचं.

मी तिचं ताट भरत राहिले, ताई, आणि या वेळी ती बस म्हणाली नाही.

परीक्षा संपल्या की ये. दार उघडं आहे.

तुझी धाकटी