पॉम्पेईच्या फाटकाशी

दुखान, कतार
शुक्रवार, ३ ऑक्टोबर २००३

ताई,

तुला नमस्कार. आम्ही दोघं सहलीहून सुखरूप परत आलो. ऊन अजून उतरलेलं नाही, एसीची घरघर चालूच आहे, आणि हे, म्हणजे तुझे गुरुप्रसादराव, सुट्टी असूनही सकाळपासून गाडीचं बॉनेट उघडून त्यात डोकं घालून उभे आहेत. तुझा गुडघा कसा आहे ते कळव. तेल लावते म्हणून सांगू नकोस, लावत नाहीस हे मला ठाऊक आहे.

गेल्या रविवारी तू फोनवर विचारलंस, "मग, ठरलं ना?" आणि मी "लाइन खराब आहे, ऐकू येत नाही" असं ओरडून फोन ठेवला. लाइन उत्तम होती. तुझ्या मागे कुकरच्या शिट्ट्या होत होत्या त्यासुद्धा ऐकू येत होत्या. पण फोनवर मला सांगता आलं नसतं. कागद मध्येच बोलत नाही, तू बोलतेस.

ठरलं होतं ते असं: डिसेंबरात यांचं काँट्रॅक्ट संपलं की मी एकटीने नाशिकला तुझ्याकडे यायचं, कायमचं. हे कुठे राहतात, काय खातात, ते त्यांचं ते बघतील. मे महिन्यात मी हे यांनाही जेवताना स्पष्ट सांगितलं. यांनी भात कालवला आणि म्हणाले, "बघू." सत्तावीस वर्षांत या "बघू"चं लोणचं घातलं असतं तर घरात बरण्या ठेवायला जागा उरली नसती.

युरोपच्या बोटसफरीची तिकिटं मात्र त्याआधीच काढलेली होती. दोह्यात आमचे ट्रॅव्हल एजंट आहेत, हमीदभाई, मूळचे दापोलीचे. त्यांनीच यांना भरीला घातलं, की साहेब, पंचवीस वर्षं वहिनींना वाळू दाखवलीत, आता जरा पाणी दाखवा. मी म्हटलं, चला, लग्नापासून "पुढच्या वर्षी युरोप" ऐकते आहे, ते एकदाचं पदरात पाडून घेऊ आणि मग निघू. खोटं कशाला सांगू, मी याच विचाराने बोटीवर चढले.

अथेन्सच्या बंदरातून बोट सुटली. रोज सकाळी नवं गाव. छातीवर नंबराचं स्टिकर, पुढे छत्री उंच धरलेली गाईड आणि मागे आम्ही चाळीस जण, बालवाडीची सहल निघाल्यासारखे. आमचा नंबर चौदा. तुर्कस्तानात संगमरवरी रस्त्यांचं एक जुनं शहर दाखवलं. सगळे वर खांबांकडे बघत होते आणि हे वाकून गटारं बघत होते. उतार काय सुंदर काढलाय म्हणाले. सँटोरिनीला बोटीतून उतरलं की गाव वर डोंगरावर. हे केबल कारने गेले आणि दोर किती वर्षांनी बदलता म्हणून तिथल्या माणसाला छळलं. मी खेचरावरून गेले. हसू नकोस. पंजाबी ड्रेस घातला होता, आणि त्या खेचराने वर नेलं मला नीट. वर पोचते तर हे घड्याळ बघत उभे, म्हणाले, "यल्ला, यल्ला, बोट चुकेल."

बोट चुकेल हा यांचा जप होता. गाईडने चार म्हटलं की आम्ही साडेतीनला बसपाशी. मला एका ठिकाणी धड कॉफी पिऊ दिली नाही या माणसाने.

आता नेपल्सचं सांगते. तिथपर्यंत ग्रीसची, तुर्कस्तानची आणि आपली कतारची वेळ एकच होती. इटलीत घड्याळ एक तास मागे. आदल्या दिवशी केबिनच्या दाराखालून तशी चिठ्ठीही आली. मी माझं घड्याळ लावलं. यांनी चिठ्ठीची घडी करून डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली घातली. मी एकदा सांगितलं, उत्तर काय आलं ते तुला कळलंच असेल. यांचं घड्याळ दुखानच्या शिफ्टला लावलेलं, ते जगात कुठेही गेलं तरी दुखानचंच. झालं. सकाळी आम्ही उतरायच्या जिन्यापाशी एक तास आधी जाऊन उभे. बस "उशिरा" सुटली तेव्हा यांचं म्हणणं, इटालियन लोकांना वेळेची किंमतच नाही. मला मजा येत होती.

पॉम्पेई म्हणजे ज्वालामुखीच्या राखेत गाडलं गेलेलं गाव. गाईडने दोन तास फिरवलं आणि पुढे मोकळं सोडलं, चार वाजता फाटकाबाहेर बसपाशी या म्हणाली. मला तिथे एक भट्टीवाल्याचं दुकान सापडलं. दगडी जाती, माणसाच्या छातीएवढी उंच, आणि शेजारी भट्टी, अगदी आत्ता कोणी पाव काढून गेलंय अशी. मी तिथे टेकते न टेकते तोच यांनी दंड धरला. चार वाजले, चल. उन्हातून जवळजवळ पळवतच बाहेर आणलं. बाहेर बस बंद, ड्रायव्हर झाडाखाली झोपलेला. मी माझं घड्याळ यांच्या नाकासमोर धरलं. तीन.

सॉरी म्हणतील असं मला वाटलं नव्हतंच. पण हे माझ्याकडे न बघता म्हणाले, लवकर आलेलं बरं, उशीर झाला तर जबाबदार कोण?

ताई, या माणसाच्या तोंडून हे ऐकलं आणि माझं टाळकं फिरलं. फेब्रुवारी ९९ मी विसरलेली नाही. तूही नाहीस. तुझा फोन सकाळी दहाला आला, आईचं काही खरं नाही, निघ. मी लगेच कंट्रोल रूमला फोन करून यांच्यासाठी निरोप ठेवला. यांच्या तेलाच्या प्लँटचं शटडाउन, म्हणजे सगळं बंद ठेवून दुरुस्तीचं काम, चालू होतं. मी बॅग भरून दारात बसले. दुखानातून दोह्याला बस नाही, टॅक्सी मिळत नाही, गाडी समोर शेडमध्ये उभी आणि मला चालवता येत नाही. कारण लायसन्सला नवऱ्याचं संमतिपत्र लागतं, ते मी तीनदा मागितलं होतं आणि तीनदा "दुखानात तुला जायचंय कुठे" हे ऐकलं होतं. हे साडेतीनला घरी आले. निरोप मला तीनला मिळाला म्हणाले. विमान गेलं. पुढची जागा तिसऱ्या दिवशीची. आई दुसऱ्या दिवशी पहाटेच गेली, तुझ्या एकटीच्या मांडीवर. इतकी वर्षं मी कंट्रोल रूममधल्या त्या कोणा क्लार्कला शिव्या दिल्या, नशिबाला दिल्या, आणि या लायसन्ससाठी यांना मनातून माफ केलं नाही. या विषयावर हे एक अक्षर बोलले नव्हते.

तर मी तिथे फाटकाशी म्हटलं, मी परत आत जाते आहे, एकटी. आणि तिकीट दाखवून गेले.

आता जे लिहिते ते यांनाही सांगितलेलं नाही. सगळ्यांना वाटतं मी वाट चुकले. मी चुकले नाही. मी त्या भट्टीवाल्याच्या ओट्यावर जाऊन बसले. पावणेचारला उठायला हवं होतं. नाही उठले. चार वाजले, सव्वाचार झाले, घड्याळ माझ्या मनगटावर होतं, बरोबर लावलेलं. मला बघायचं होतं हा माणूस काय करतो. बस धरून गेला असता तर माझं काम सोपं होतं. मी टॅक्सीने बंदरावर गेले असते आणि डिसेंबरात तुझ्याकडे आले असते, मान वर करून. वाईट वागले, मला माहीत आहे. तरी बसून राहिले.

चार चाळीसला बाहेर आले. झाडाखाली बस नव्हती. हे होते. उन्हात उभे, एका हातात माझी टोपी, दुसऱ्या हातात त्यांची.

"बस गेली?"

"गेली."

"तुम्ही का नाही गेलात?"

"तू आत होतीस."

एवढंच बोलले. बाकीचं मला दुसऱ्या दिवशी नाश्त्याला आमच्या बसमधल्या केरळच्या बाईंनी सांगितलं. बस पंधरा मिनिटं थांबली, लोक कुरकुरायला लागले. गाईडने यांना समजावलं, सहाला बोट सुटते, तुम्ही तरी चला, मॅडमना टॅक्सी मिळेल. हे चढले, आपली पिशवी घेतली आणि उतरले. बसला हात करून जा म्हणाले. ताई, हा माणूस सत्तावीस वर्षांत शिफ्टला एकदाही उशिरा गेलेला नाही. माझा अनय जन्मला त्या दिवशीसुद्धा ड्यूटी संपवूनच दवाखान्यात आले होते, तुला आठवत असेल.

मग आम्ही टॅक्सी केली. ड्रायव्हर सुसाट नेत होता. हे पुढे रस्त्याकडे बघत बसले होते आणि मध्येच, मी काही विचारलेलं नसताना, बोलायला लागले. ९९ सालच्या त्या दिवसाचं. जे सांगितलं ते मी इथे लिहिणार नाही. ते त्यांनी स्वतः तुला लिहायचं, अशी माझी अट आहे. एवढंच सांगते, की ऐकून मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. रोमला बसमध्ये पुढे-मागे बसलो. एवढ्या मोठ्या त्या चर्चमध्ये मी एका बाकावर बसून मनसोक्त रडले. एक अनोळखी म्हातारी शेजारी येऊन बसली आणि माझा हात थोपटत राहिली. भाषा ना तिची मला कळली, ना माझी तिला.

हे त्या दोन दिवसांत सारवासारव करायला आले नाहीत. रुसवा काढायलाही नाही. नाश्त्याला माझ्यासाठी चहा आणून ठेवायचे आणि समोरच्या टेबलावर जाऊन बसायचे. तिसऱ्या दिवशी मीच म्हटलं, या इकडे, लोक बघतात.

परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी टेबलावर संमतिपत्र होतं. सही केलेलं, मी न मागता. मी दोह्याच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलंय. शिकवणारी इजिप्शियन बाई माझ्यापेक्षा जास्त घाबरते. परवा राउंडअबाउटला मी चार फेऱ्या मारल्या, कारण बाहेर पडायला कोणी वाट देईना. पाचव्या फेरीला ती बाई डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होती. पण पडले बाहेर.

आणि दुसरी गोष्ट. यांना दोह्यातल्या एका ऑफिसातून दोन वर्षांसाठी बोलावणं आहे. आजवर असलं काही आलं की मला सामान बांधायच्या दिवशी कळायचं. या वेळी समोर बसून विचारलं, "तू राहशील का? नाही म्हणालीस तर मीही नाही म्हणतो. नाशिकला तुझ्या मागे लागणार नाही." मी म्हटलं, मला चार दिवस द्या. चार दिवस एकदाही विषय काढला नाही. काल मी हो म्हटलं. दोह्यातच अल नस्र भागात फ्लॅट बघतोय. खाली उतरलं की दुकानं, भाजी, माणसं, सगळं पायी.

म्हणजे मी राहायला येत नाही, ताई. पाच पानं इकडेतिकडे फिरून शेवटी हेच लिहायचं होतं. तू त्या खोलीला रंग दिलास, माझ्या आवडीचा पिस्ता रंग शोधायला दोन दुकानं पालथी घातलीस. भावोजी गेल्यापासून त्या घरात तू एकटीच बोलतेस आणि एकटीच ऐकतेस. मी येणार म्हणून तू किती आनंदात होतीस ते तुझ्या आवाजात कळायचं, आणि म्हणूनच लाइन खराब झाली. माझा संसार सावरला आणि तुझी सोबत गेली, याचं मला फार वाईट वाटतं. रागव. हक्काने रागव, पण फोन उचल.

नोव्हेंबरात महिनाभर मी येते आहे. एकटी, त्याच खोलीत. आणि जानेवारीत तू इकडे यायचं, हवा छान असते. तुझ्या व्हिसाचा फॉर्म यांनी आणून ठेवलाय, पासपोर्टची झेरॉक्स पाठव.

खालचा भाग यांच्यासाठी मोकळा ठेवलाय. वरचं दिसणार नाही अशी घडी घालून त्यांच्या हातात देते आहे. ते काय लिहितात ते वाचून तू मला मूर्ख म्हणशील कदाचित. मी टॅक्सीत स्वतःला तेच म्हणत होते. पण ज्या माणसाला सोडून मी निघाले होते, तो हे कधीच बोलला नसता. कोणी विचारलं नव्हतं, कोणाला कळणारही नव्हतं, आणि तरी बोलला. तेवढ्यावर मी राहते आहे.

तुझीच, तुला सोडून न गेलेली,
सरोज

.

ताई,

मला पत्र लिहिता येत नाही, म्हणून सरळ लिहितो. निरोप मला तीनला मिळाला हे खोटं होतं. सकाळी अकराला मिळाला होता. पंप सुरू करायचा होता, आणि मी चिठ्ठी खिशात घालून बघू म्हटलं. लगेच निघालो असतो तर सरोज दुपारच्या विमानात बसली असती आणि आईंना भेटली असती. तुम्हीही एकट्या पडला नसतात.

साडेचार वर्षं मी कंट्रोल रूममधल्या क्लार्कवर ढकललं. त्याचं नाव सुरेश. त्याने निरोप वेळेवर दिला होता. या आठवड्यात त्याच्या घरी जाऊन तेही सांगून आलो.

माफी मागतो. तुम्ही केली नाहीत तरी मागतो. उत्तर सरोजला नको, मला लिहा.

आपला अपराधी,
गुरुप्रसाद