अंगणातले गट्टू

प्रिय शकू,

आज सकाळी सब्बल घेतली आन अंगणातले सिमेंटचे गट्टू उखडाले बसलो. बाजूचे वासुदेवभाऊ भिंतीवरून म्हणे, "नवेकोरे गट्टू काहून उखडून राह्यले हो?" त्याईले काय सांगू? जिले सांगाचं, ते तूच नाही. म्हणून लिहून राह्यलो.

पांढरकवड्याच्या या ले-आऊटमधी साऱ्याईनं आपापलं अंगण फरशीनं बंद केलं. तूच एक येडी! फुलपाखराईसाठी कुंपणाले रुई ठेवली, कोपऱ्यात तरोटा वाढू दिला, आन कढीपत्त्यावरच्या अळ्याईले हात लावू देत नव्हती. "आपल्याले पानं बजारात भेटते, त्याईले कोण आणून देईन?" म्हणे. वरणात कढीपत्ता नाही म्हणून मी केवढा भडकलो होतो, आठवते का?

आन तो मोकळ्या मातीचा तुकडा! तिथं झाडू नाही, पाणी नाही. मातीत बारीक बारीक भोकं, त्याच्यात लहान मधमाश्या शिरत. "ह्या मोहोळ नाही करत जी, एकेकीचं घर अलग असते," तू सांगे. मी म्हणो, माशी ते माशी.

तू गेली. पुण्यानुमोदनाले भंतेजी येणार, सारे सोयरे येणार, अंगणात मांडव टाकाचा. मीच म्हणलं, सारं साफ करा. रुई तोडली, तरोटा उपटला. पाहुण्याईच्या पायाले माती नको म्हणून त्या तुकड्यावर गट्टू बसवले. तुह्या मानासाठीच केलं व! लोकाईनं तारीफबी केली.

त्या दिवशी पाच-सहा माश्या गट्टूवर घिरट्या घालून राह्यल्या होत्या. मी दुपट्ट्यानं हाकलल्या. त्या आपलं घर शोधत होत्या, हे मले तवा समजलं नाही. आता समजते. मीबी दिवसातून दहा खेपा सैपाकखोलीत जातो, दारात उभा राह्यतो, आन वापस येतो.

अंगण चकाचक आहे. एक फुलपाखरू येत नाही. चहा घेऊन बसतो तं कुठं गुणगुण नाही. लय सुनं वाटते शकू, लय.

गट्टूखालची दगडाची चुरी काढली, माती भुसभुशीत केली. आत ज्या माश्या दबल्या त्या काही वापस येत नाही, हे मले मालूम आहे. तुह्या हातानं जपलेलं मी माह्या हातानं बुजवलं. माफ करशीन?

रुई लावली आहे. पोरगा दिवाळीले येईन तं बडबड करीन, करू दे. ही माती आता कोणीच झाकणार नाही, मी हाओ तोवर तं नाहीच. तू किती डाव म्हणली, "या जी, दोन मिनिटं बसा, पाहा," आन मी एकदाबी आलो नाही. आता एखादी माशी भोक पाडाले आली, तं तिच्यावर सावली पडणार नाही असा बसीन, आन तिचं घर पुरं होईपर्यंत उठणार नाही.

तुहाच,
दादाराव