फ्रिजवरचा खंड्या

प्रिय खारूताई,

तुझ्या फोटोंच्या नव्या मॅग्नेटांविरुद्ध माझी रीतसर तक्रार नोंदवून घे. आमच्या फ्रिजच्या दारावर आता सुईच्या अग्राएवढीही जागा उरलेली नाही. दुधाची पिशवी काढायची तर आधी बिबट्याची नजर चुकवावी लागते. दार जरा जोरात लागलं की बगळा घसरत खाली येतो. काल तो तुझ्या वहिनीच्या चपलेत सापडला. पाणपक्ष्याची अशी अधोगती कुठल्याही शास्त्रात सांगितलेली नाही.

शिवाय त्या बगळ्याला पाय नाहीत. चौकोनात बसेना म्हणून कापले म्हणे. एका पायावर उभं राहणं हाच ज्याचा जन्मभराचा व्यवसाय, त्याचे पाय कापणारा हा महापुरुष कोण? तू कमरेइतक्या चिखलात बसून टिपलेला पक्षी स्टेशनबाहेरच्या दुकानात कीचेनशेजारी पांढऱ्या पिशवीसारखा लटकतोय. तळ्याच्या फोटोवर सोनेरी अक्षरांत 'पुन्हा या' छापलंय. तळं असं कधी कोणाला म्हणालं? तुझं नाव मात्र कुठेच नाही. तू म्हणशील, दादा, पोटापाण्याचं बघावं लागतं. बघ ना. पण त्यासाठी बगळ्याचे पाय?

हेही मी गिळलं असतं. खंड्याचं मात्र गिळवेना. त्याचा डोळा धुरकट आलाय. लहानपणापासून तुझा एकच हट्ट, डोळा स्वच्छ नसेल तर फोटो बाद. माझ्या लग्नाचे निम्मे फोटो तू याच कारणावरून फेकलेस, आणि त्या निम्म्यांत नेमका मीच होतो. म्हणून तो मॅग्नेट खिशात घालून तुझे मॅग्नेट छापतात त्या छापखान्यात गेलो आणि तिथल्या बाईंना चारचौघांत सुनावलं, की तुमच्या यंत्राने माझ्या बहिणीचा पक्षी आंधळा केला. बाईंनी मुकाट्याने नवा छापून दिला. तोही तसाच. मी आणखी तापलो. पुन्हा निघालो तेव्हा तुझी वहिनी दारात आडवी आली. म्हणाली, "अहो पंडित, यंत्राचा दोष असता तर खंड्यामागच्या गवताचं पातं न् पातं कसं दिसलं असतं?"

मी चपला पुन्हा काढून ठेवल्या.

खुर्ची ओढून फ्रिजसमोर बसलो. तू मॅग्नेट पाठवत गेलीस तसतसे आम्ही वरून खाली लावत आलोय. वर नुसते डोळे आहेत, घुबडाचा, सरड्याचा, मुंगसाचा. त्याखाली अख्खे प्राणी. मग लांबचे कळप. मग डोंगर. आणि या वर्षी धुकंच धुकं, त्यात एकटा हा खंड्या. गिऱ्हाइकाला हल्ली निसर्गदृश्यंच लागतात, असं तू फोनवर म्हणालीस आणि मी, न्यायशास्त्र शिकलेला गाढव, ते मानून बसलो. गेल्या भेटीत जिना भिंत चाचपत उतरलीस, 'नवे बूट टोचतात' म्हणालीस. तेही मानलं.

आपले बाबा घड्याळं दुरुस्त करायचे. काटा बसेना झाला की म्हणायचे, दिव्याला जोर नाही, आणि आपण सगळे इमानेइतबारे दिवे बदलत राहिलो. त्यांचा हा डोळ्यांचा आजार मुलांत उतरतो, वेळेत कळला तर थोपवता येतो, असं डॉक्टरांनी तेव्हाच आपल्या दोघांना समोर बसवून सांगितलं होतं. मी न चुकता डोळे तपासून घेतो. तुला विचारलं की 'हा हंगाम जाऊ दे दादा.' कुठला हंगाम? तुझ्याकडे एक संपायच्या आत दुसरा उभा असतो, आणि प्रत्येकात तू अंधार असतानाच उठून एकटी निसरड्या कड्यावर जाऊन बसतेस.

छापखान्यातल्या बाईंची क्षमा मागून आलो. बगळ्याचे पाय कापणाऱ्या दुकानदाराची मागणार नाही. पण खरा राग तुझ्यावर आहे. मंगळवारी मी गाडी घेऊन येतोय, डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. भांडायचं ते वाटेत भांड. खारूताई, तुला दिसेनासं होत चाललंय, तुला ते ठाऊक आहे, आणि तू ते मलासुद्धा सांगत नाहीस. मला फार भीती वाटते.

तुझाच,
दादा