पेटीचा भाता

प्रिय पप्पा,

मस्कतहून दानियेलचा तुम्हाला आणि मम्मीला सलाम. मी ठणठणीत आहे. जेवण कंपनीचं, खोलीला एसी, शुक्रवारी सुट्टी असते तेव्हा चर्चला जातो.

दौंडला आपल्या चर्चमध्ये नाताळच्या गाण्यांची तालीम सुरू झाली असेल. टेम्पोत बसून आपण घरोघर गायला जायचो, ते आठवतं. आपला धाकटा रूबेन ढोलकी इतकी बडवायचा की तुमची पेटी ऐकूच यायची नाही. मग तुम्ही चिडून सूर चढवायचात आणि आम्हा पोरांचे गळे बसायचे.

रूबेननंच परवाच्या रविवारचा व्हिडिओ पाठवला. गाणं छान झालं. पण पेटीचा भाता तो मारत होता. तुमचा उजवा हात पट्ट्यांवर होता आणि डावा नुसता मांडीवर.

लहानपणी मी भात्याला हात लावला, तेव्हा तुम्ही रागावला होतात. "ज्याची पेटी त्यानंच भाता मारायचा. दुसऱ्याचा हात लागला की सूर हलतो."

फोनवर विचारलं की मम्मी म्हणते, "आवाज येत न्हाई." रूबेन हसून विषय बदलतो. म्हणून गावी निघालेल्या मित्राजवळ हे पत्र देतोय. मम्मीची शुगर कशी आहे?

पप्पा, हाताला काय झालंय? डॉक्टरांना दाखवलंत का? मला खरं ते कळवा.

नाताळसाठी रजा मागितली आहे. मिळाली तर भाता मी मारीन. या वेळी हात लावू द्याल ना?

तुमचाच,
दानियेल