डाव्या हाताचा माऊस

आई, तू असतीस तर आजही म्हणाली असतीस की झालं गेलं सोडून दे. मी सोडणार नाही. त्या मेमोबद्दल मी तेव्हा तुझी माफी मागितली नव्हती आणि हे पत्रही माफीचं नाही. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, माझेही केस पिकले, तरी त्या ऑफिसचा जिना आठवला की माझा आवाज चढतो.

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं होती. तुमच्या ऑफिसातले टाइपरायटर उचलून नेले आणि टेबलांवर कॉम्प्युटर आले. त्या ऑफिसातलं सगळ्यात स्वच्छ टायपिंग तुझं. महत्त्वाचं पत्र असलं की साहेब ते तुझ्याचकडे पाठवायचे. टाइपरायटरला दोन्ही हात सारखेच लागतात, म्हणून तू डावखुरी आहेस हे तिथे कोणाला कधी कळलंच नव्हतं. मखमलाबादच्या मळ्यात तुझ्या वडिलांनी डाव्या हातावर फटके मारून तुला उजव्या हातानं जेवायला आणि लिहायला लावलं होतं. पण विळीवर भाजी चिरताना, झेंडूच्या माळा ओवताना तो हात आपोआप पुढे यायचा. आता माऊस आला, आणि तो उजवीकडे ठेवलेला. तुझा बाण पडद्यावर सैरावैरा पळायचा, दोनदा क्लिक करायला जावं तर मधेच हात हलायचा. अक्षरं मुंगीएवढी. पांढऱ्या उजेडानं डोळ्यांना पाणी यायचं.

एका संध्याकाळी मी घरी येते तर तू स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभी आहेस. उजव्या हातात साबणाची वडी. ती ओट्यावर पुढे-मागे सरकवतेस, बोटानं तिच्यावर दोनदा टकटक करतेस, परत सरकवतेस. कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या याचं भान नाही. मी गॅस बंद केला आणि विचारलं, हे काय चाललंय? तू वर न बघता म्हणालीस, "साहेब म्हणाले सगळ्यांसमोर. महिनाभरात हात बसला नाही तर रेकॉर्ड रूममध्ये बसा, बाई, फायली झटकत."

"अगं, मग माऊस डावीकडे घे ना. बटणं उलटी करता येतात."

"सगळ्यांना जे चालतं ते मला चालायला पाहिजे. माझ्यासाठी मशीन वाकडं करायचं नाय." रागावलीस की मळ्यातला 'नाय' तुझ्या तोंडी यायचा.

मी तेव्हा कॉलेज रोडवरच्या एका क्लासमध्ये हेच शिकवत होते. लोकांना वाटायचं, मशीन जसं येतं तसंच वापरायचं असतं. मी त्यांना सांगायचे, खुर्ची आपण पुढे-मागे करतो ना, तसंच हे. आणि माझीच आई साबणाच्या वडीवर उजवा हात झिजवत होती. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी तुझ्या ऑफिसात आले, तुला न विचारता तुझ्या खुर्चीत बसले. बटणं उलटी केली, डबल क्लिकचा वेग कमी केला, अक्षरं मोठी केली, पांढऱ्याच्या जागी फिकट पिवळा रंग आणला. तू दाराकडे बघत म्हणत होतीस, "ऊठ, कोणी बघेल." मग तू बसलीस, डावा हात माऊसवर ठेवलास, आणि बाण सरळ जिथे न्यायचा तिथे गेला. तुझा चेहरा मी पाहिला आहे, आई. तो पाहिल्यावर मी कोणाचंही ऐकणार नव्हते.

दुसऱ्या दिवशी तिथला ऑपरेटर सकाळी तुझ्या मशीनवर बसला. कुठेही क्लिक केलं की भलतंच काही उघडायला लागलं. त्यानं बोंबाबोंब केली, मेकॅनिक बोलावून सगळं पूर्ववत करून घेतलं, आणि दुपारी तुझ्या हातात मेमो: कार्यालयीन यंत्रात विनापरवानगी फेरफार. आधी काय होतं हे मी कुठेच लिहून ठेवलं नव्हतं, त्यामुळे होतं तसं करून दाखवणं तुला शक्यच नव्हतं. तेवढी चूक माझी, तेव्हाही कबूल केली होती. पण बाकीचं नाही. तू घरी आलीस, पर्स आपटलीस. "इतक्या वर्षांच्या नोकरीत एक ठपका नव्हता माझ्यावर. तुझी हुशारी तुझ्या क्लासात दाखव." दोन दिवस माझ्याशी बोलली नाहीस. मी पण बोलले नाही.

तिसऱ्या दिवशी मी तुझ्या डब्यासोबत एक वहीचं पान ठेवलं, बटणं आणि अक्षरं कुठून बदलतात ते पायरीपायरीनं लिहून. खाली सूचना. काहीही बदलण्याआधी आहे ते लिहून घे. एका वेळी एकच गोष्ट बदल, म्हणजे काय बिघडलं ते कळतं. ऑपरेटरकडून स्वतःच्या नावाचं लॉगिन मागून घे, म्हणजे तुझी बटणं तुझ्यापुरती राहतील, दुसऱ्याला त्रास नाही. 'उपरोक्त विषयास अनुसरून' दरवेळी टाइप करू नकोस, त्याचं दोन अक्षरी लघुरूप करून ठेव. ही लघुरूपं आणि ठरलेली पत्रं ज्या फाइलमध्ये असतात तिची कॉपी दोन फ्लॉपींवर घे, एक घरी, एक ड्रॉवरमध्ये. आणि फ्लॉपी उघडते की नाही ते दुसऱ्या मशीनवर बघ. नुसती कॉपी केली म्हणजे झालं असं नाही. मला वाटलं पान फाडून टाकशील.

तुझ्या शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी नंतर मला सांगितलं. तू ते पान घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये गेलीस आणि त्यांना तुझ्या मशीनपाशी घेऊन आलीस. "साहेब, बघा, हे होतं तसं करते." केलंस. "आता हे माझ्यासारखं." तेही केलंस. मग डाव्या हातानं त्यांचंच एक पत्र त्यांच्यासमोर तयार करून काढून दिलंस. साहेब म्हणाले, "ठीक आहे, पण बाकीच्यांच्या मशीनला हात लावायचा नाही." बस, एवढंच. रेकॉर्ड रूमचं नाव परत निघालं नाही, पण मेमोही मागे घेतला नाही. मी म्हटलं, मेमो मागे घेतल्याचं लेखी मागून घे. तू म्हणालीस, "राहू दे फायलीत. त्याला लय किंमत देऊ नको."

दोनेक वर्षांनी व्हायरस आला आणि तिथली सगळी मशीनं पुसून परत भरावी लागली. सगळ्यांची ठरलेली पत्रं, लघुरूपं, सगळं गेलं. तुझ्या ड्रॉवरमधली फ्लॉपी उघडली नाही, घरची उघडली. तासाभरात तू कामाला लागलीस. तोच ऑपरेटर खुर्ची ओढून जवळ आला, "ताई, तुमची पत्रं आम्हालाही मिळतील का?" आणि तू दिलीस. वर त्याला चहा पाजलास. मी दिली नसती. आजही देणार नाही. तुझा मोठेपणा तुला लखलाभ, माझ्यात तो आला नाही आणि मला त्याची लाजही वाटत नाही.

तू निवृत्त झालीस, आणि त्यानंतर तीन वर्षांत गेलीस. दहाव्याला गोदावरीवर त्या शेजारच्या टेबलावरच्या बाई आल्या होत्या. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की निरोप समारंभात तुला बोलायला उभं केलं, तेव्हा तू दोनच वाक्यं बोललीस: "मला हे मशीन माझ्या मुलीनं शिकवलं. तिला आज क्लास आहे, नाहीतर ती इथे असती."

हे पत्र लिहून मी घडी घालून ठेवणार आहे, कुठे टाकायचं नाही. म्हणून सांगते. त्या दुपारी माझा क्लास नव्हता, आई. त्या साहेबांच्या हातून तू नारळ घेताना मला बघायचं नव्हतं. मी घरीच होते.