माझ्याकडे बघतच नाहीत

३ नोव्हेंबर
आज पुन्हा तेच! कुणी म्हणून माझ्याकडे बघत नाही. वाद्यवृंदातली एकवीस माणसं, आणि मी समोर उभी राहून हात हलवतेय, माश्या हाकलल्यासारखी.

श्रीवत्सचं तर विचारूच नका. लहानपणी मांडी घालून कर्नाटकी व्हायोलिन शिकला, आता खुर्चीत बसला तरी पायाच्या बोटांवर ताल मोजतो. म्हटलं, पायाकडे काय बघतोस, ताल इथे आहे, माझ्या हातात! 'सरी अक्का,' म्हणाला, म्हणजे 'बरं ताई'. आणि पुन्हा पाय.

६ नोव्हेंबर
चेलोवाला अभिराज बंगळूरच्या दुसऱ्या टोकाहून, एचएसआरहून, पाऊण तास उशिरा. 'मॅडम, ट्रॅफिक.' चेलोशिवाय काय तालीम करणार, कपाळ!

रविवारी कार्यक्रम. या वाद्यवृंदाला पंचवीस वर्षं होतात. हरीशी लग्न होऊन पुण्याहून इथे आले तेव्हा राजाजीनगरच्या आमच्या हॉलमध्ये पाचजण जमायचे. खांद्याच्या ऑपरेशननंतर माझं स्वतःचं वाजवणं सुटलं, त्यालाही दोन वर्षं झाली. आता उरलंय ते हे समोर उभं राहणं. तेही धड करू देत नाहीत.

७ नोव्हेंबर
हरी म्हणतो, चिडू नकोस, बीपी वाढेल. याला काय जातंय! जन्म प्रयोगशाळेत काढला, याची यंत्रं निमूट ऐकायची.

८ नोव्हेंबर
ठरवलं. पुरावाच दाखवते एकेकाला. हरीला तालमीला नेलं, बाजूला फोनवर व्हिडिओ घ्यायला बसवलं — मी आणि वाजवणारे, दोन्ही दिसायला हवेत म्हणून बजावलं.

रचनेचा दुसरा भाग आज मात्र सुरेख झाला. कुणी न बघताही! याचाच जास्त राग आला.

९ नोव्हेंबर, सकाळी
व्हिडिओ पाहिला. तीनदा पाहिला.

सुरुवातीला सगळे माझ्याकडेच बघतायत. मग माझा उजवा हात मागे पडतो. थोडासाच, पण दर मात्रेला. मला तिथे उभं असताना कळलंही नाही. पहिल्या खुर्चीवरची राजलक्ष्मी व्हायोलिनचा गज जरा उंच उचलते, मान हलवते, आणि अख्खा वाद्यवृंद तिच्या मागे जातो. श्रीवत्सचा पायसुद्धा तिच्याबरोबर. मीही! माझा हात तिच्या मागे धावतोय.

हरी शेजारी बसला होता. चहा करतो म्हणाला आणि आत गेला.

९ नोव्हेंबर, दुपारी
राजलक्ष्मीला फोन केला. विचारलं, कधीपासून सांभाळतेयस? म्हणाली, 'ऑपरेशन झाल्यापासून, अक्का. तुम्हाला कळू द्यायचं नाही, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं.'

दोन वर्षं मी त्यांच्यावर ओरडतेय. एकानेही उलटून उत्तर दिलं नाही.