कोकिळेच्या नावाचा सुरवा

देऊळघाट,
पौष वद्य पंचमी, शके १८५२

चि. सौ. कोकिळेस थोरल्या जावेचे आशीर्वाद.

आम्ही सर्व खुशाल आहोत असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिलं. चिंतामणभाऊजींचं बुलढाण्याच्या कचेरीतलं काम ठीक चाललं असेल. इथे कपाशीची शेवटची वेचणी उरकली. तांबडी गाय व्याली, कालवड झाली. तू असतीस तर खरवसासाठी चीक आधी तूच पळवला असतास.

सासूबाई अंथरुणावर आहेत. हिवताप आला, उतरला, पण अन्न सुटलं. पेज दिली, भाकरी दुधात कुस्करून दिली, तोंड फिरवायच्या. वैद्य म्हणाले, बकऱ्याच्या पायांचा सुरवा द्या, अंगात ताकद येईल. मी केला. एक घोट घेऊन त्यांनी वाटी सारली आणि भिंतीकडे बघत म्हणाल्या, "कोकिळेच्या हातचा असता त पेली असती."

तुम्ही वेगळे निघालात तेव्हा त्याच तुला म्हणाल्या होत्या ना, "तुया हातचं पानीबी घेनार नाही"? ते बोलणं त्यांना आतून खातंय, हे मला त्या दिवशी कळलं. पण तोंडानं कबूल करतील तर त्या सासूबाई कसल्या!

मग मी एक उद्योग केला. तुझं नाव घातलेला पितळी डबा इथेच राहिला होता. शेजारच्या शालूबाईच्या परसात चूल मांडली. पाय जाळावर धरून खरवडले, नळ्या फोडल्या, मानेचं मटण घातलं, लसूण, मिरी, हळद घातली आणि गोवऱ्यांच्या मंद आचेवर सकाळपासून ठेवलं. वरचा फेस काढत बसले. मग डब्यात भरून पुढच्या दारानं घरात आले आणि सांगितलं, बुलढाण्याला दूध घालून परतणाऱ्या गाडीबरोबर कोकिळेनं पाठवलाय. सासूबाईंनी कोरलेल्या अक्षरांवरून बोट फिरवलं आणि सगळा रस प्यायल्या. "याले म्हंतात सुरवा," म्हणाल्या. "वच्छले, शिक काई!"

हसू नकोस. मला रडू आलं.

तेव्हापासून दर दोन-तीन दिवसांनी असाच तुझा डबा 'येतो'. खरी पंचाईत पुढेच. आपल्याकडची रीत तुला ठाऊक आहे. रस आजाऱ्याचा, मटण करणारणीचं, आणि आलेलं भांडं रिकामं परत पाठवायचं नाही. सासूबाई पडल्या पडल्या हुकूम सोडतात, "कांदा, खोबरं, तिखट घालून चांगलं परत. डबा भरून दे कोकिळेले, हात आखडू नोको." मी परतते, डबा भरते, गाडीवाल्याकडे जाते म्हणून निघते आणि शालूबाईच्या परसात बसून खाते. यांना सगळं माहीत आहे. बिचारे मान खाली घालून नुसतं वरण जेवतात. इतकं मटण जन्मात खाल्लं नव्हतं. एक घास गोड लागला नाही.

आता मुद्द्याचं लिहिते. सासूबाईंच्या पायांवर सूज आली आहे. वैद्य यांना बाजूला घेऊन बोलले, फार दिवस नाहीत. आणि सासूबाईंनी हातातल्या पाटल्या उतरवून उशाखाली ठेवल्या आहेत. म्हणतात, "कोकिळेले बोलवा. मी तिले लय वाईट बोलली, तरी पोरीनं सुरवा धाडला. मायाच हातानं तिले पाटल्या घालतो."

पाटल्यांचं मला दुःख नाही, देवाशपथ. पण तुझं नाव मीच पुढे केलं, आता ते मागे घेता येत नाही. खरं सांगितलं तर त्यांचा घास पुन्हा सुटेल, आणि तुझी माफी मागायचं त्यांच्या मनातच राहील. कधी कधी वाटतं, त्या पहिल्याच दिवशी तुला निरोप धाडला असता तर बरं झालं असतं.

रविवारी छकडा पाठवते. ये. सुरव्याचं विचारलं तर हो म्हण. पाटल्या घालून घे, पाया पड.

परत निघताना मात्र शालूबाईच्या परसात ये. तुझ्यासाठी एक वाटी झाकून ठेवीन. ती पी आणि कसा झालाय ते मला सांग. या घरात माझे केस पांढरे झाले, कोकिळे. माझ्या हातचं काही चांगलं झालं, असं मला अजून कुणी म्हटलेलं नाही.

तुझ्या नावानं रांधणारी,
वच्छला